पहिल्या वर्षाचे बीजगणित : अपेक्षा आणि अभ्यासाची रीत

पदवीच्या पहिल्या वर्षी बीजगणिताच्या पेपरात विद्यार्थ्याचे जे गुण जातात त्यांतील मोठा वाटा नव्या विषयात नव्हे, तर आठवी ते दहावीत शिकलेल्या कंस, चिन्हे, अपूर्णांक आणि अवयव यांत जातो, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकांना चांगले ठाऊक असते, पण विद्यार्थ्याला ते कोणी फारसे सांगत नाही. परिणामी ‘गणित आपल्या डोक्याबाहेरचे आहे’ असे ठरवून तो मोकळा होतो आणि जी दुरुस्ती पाच-सहा आठवड्यांत होण्यासारखी असते ती होतच नाही. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांतील महाविद्यालयांत हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून नेमकी कशाची अपेक्षा असते आणि ती पुरी करण्यासाठी वर्षाची आखणी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

भंडारा जिल्ह्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून अभ्यासक्रमांची रचना आणि गुणांची विभागणी बदलत आली आहे, म्हणून थोरल्या भावाच्या वहीवर किंवा मागच्या वर्षीच्या गाईडवर विसंबून न राहता चालू वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेणे आणि तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवणे हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यातले काम आहे. विज्ञान शाखेच्या प्रारंभिक बीजगणितात सामान्यतः मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांचा संच, बहुपदी समीकरणांची मुळे, आणि गट म्हणजे विशिष्ट नियम पाळणाऱ्या क्रियेसह घेतलेला संच, अशा संकल्पना येतात. वाणिज्य आणि संगणक अभ्यासक्रमांत समीकरणे, श्रेढी, व्याज व मॅट्रिक्सची तोंडओळख यांवर भर असतो.

या वर्गांत येणारी मुले एकसारखी तयारी घेऊन येत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत ‘गणित भाग १’ हा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता व सांख्यिकी ही प्रकरणे येतात. अकरावीपासून मात्र गणित हा निवडीचा विषय असल्यामुळे जीवशास्त्राचा गट किंवा गणिताशिवाय वाणिज्य शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याची या विषयाशी दोन वर्षे गाठच पडत नाही, आणि तोच विद्यार्थी पुढे संगणक किंवा व्यवस्थापनाच्या पदवीला आला की दहावीच्या जागेवरून त्याला एकदम उडी मारावी लागते. अशा विद्यार्थ्याने दहावीचे बालभारतीचे पुस्तक पुन्हा हाती घेण्यात कमीपणा मानू नये. सुरुवातीला कोणत्याही जाड संदर्भग्रंथापेक्षा ते पुस्तक त्याच्या अधिक उपयोगी पडते.

महाविद्यालयीन बीजगणितात नवे किती आणि जुने किती, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पहिल्या ओळीत ४ आणि १, दुसऱ्या ओळीत २ आणि ३ अशी मॅट्रिक्स दिली असून तिची आयगेन मूल्ये काढायची आहेत असे समजू. एखादा सदिश मॅट्रिक्सने गुणल्यावर स्वतःच्याच रेषेवर राहिला तर तो किती पट झाला हे सांगणारी संख्या म्हणजे आयगेन मूल्य होय. ते काढण्यासाठी मुख्य कर्णावरील ४ आणि ३ या संख्यांतून क्ष वजा करायचा आणि तयार झालेल्या मांडणीचा निश्चयक, म्हणजे मुख्य कर्णाच्या गुणाकारातून दुसऱ्या कर्णाचा गुणाकार वजा करून येणारी किंमत, शून्य धरायचा, एवढीच येथे नवी गोष्ट आहे. त्यातून (४ − क्ष)(३ − क्ष) − २ = ० हे समीकरण मिळते, आणि येथून पुढचा सगळा प्रवास शालेय आहे. कंस सोडवणे, क्ष² − ७क्ष + १० = ० हे रूप लावणे आणि (क्ष − ५)(क्ष − २) = ० असे अवयव पाडून ५ आणि २ ही उत्तरे काढणे, हे सगळे दहावीपर्यंतचेच. ज्याने −क्ष गुणिले −क्ष याचे उत्तर चुकून −क्ष² लिहिले, त्याला आयगेन मूल्याची व्याख्या अगदी तोंडपाठ असली तरी त्याच्यापुढे −क्ष² − ७क्ष + १० = ० असे समीकरण येते, त्याचा विवेचक ९ ऐवजी ८९ निघतो, वर्गमूळ सुटत नाही आणि ‘हे प्रकरण अवघड आहे’ असा भलताच समज घेऊन तो पुढे जातो. वास्तविक अशा उत्तराची परीक्षा दोन ओळींत होते. मुळांची बेरीज मुख्य कर्णावरील संख्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे ७, आणि मुळांचा गुणाकार मूळ मॅट्रिक्सच्या निश्चयकाइतका, म्हणजे १०, यायलाच हवा. यांपैकी एकही जुळले नाही तर चूक वर कुठेतरी झालेली आहे.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थ्याने स्वतःची झडती घ्यावी. त्यासाठी कोणत्याही खास चाचणीची गरज नाही. नेहमी घडणाऱ्या चुका मोजक्याच आहेत, आणि त्या प्रत्येकीला उघडे पाडण्याचा सोपा उपाय म्हणजे अक्षराच्या जागी एखादी छोटी संख्या घालून पाहणे हा होय. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे ज्याच्या हातून लिहिले जाते त्याने अ = ३ व ब = ४ घ्यावे. डावीकडे ४९ आणि उजवीकडे २५ आले की मधले २अब हे पद गळाल्याचे आपोआप कळते. ५ − (क्ष − ३) याचे २ − क्ष असे रूप करणाऱ्याने क्ष = १ घालावे, म्हणजे खरी किंमत ७ आणि आपली १ हे दिसेल, आणि कंसाबाहेरील वजा चिन्ह आतील प्रत्येक पदाला लागू पडते हा नियम पाठांतरातून उतरून समजुतीत जाईल. (क्ष + ६)/६ या अपूर्णांकात वरचे ६ आणि खालचे ६ उडवणारे विद्यार्थी पदवीच्या वर्गातही आढळतात. छेदाने अंशातील सर्व पदांना भागायचे असते, नुसत्या सोयीच्या पदाला नाही. याहून फसवी चूक क्ष² = ५क्ष यासारख्या समीकरणात होते, कारण तेथे दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष = ५ लिहिले की उत्तर बरोबरच दिसते, पण क्ष = ० हे दुसरे मूळ बिनबोभाट नाहीसे झालेले असते. ज्या राशीची किंमत शून्य असू शकते तिने भागायचे नाही, हा दंडक पुढे मॅट्रिक्स आणि गट या दोन्ही प्रकरणांत वेगवेगळ्या वेषांत परत भेटतो.

ऋण संख्यांची अडचण नवी नाही, आणि ती असणे बुद्धिमांद्याचे लक्षण तर मुळीच नाही. धन आणि ऋण राशींच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात पद्धतशीर मांडले, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीच्या ‘बीजगणित’ या भागात अज्ञात राशींना यावत्-तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे चिन्हांसारखी वापरली. त्यांनीच दिलेल्या एका प्रसिद्ध उदाहरणात वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एकच वानर बाहेर दिसले, तर कळप केवढा, असे विचारले आहे. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष हे समीकरण सोडवले की ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. दुसरे उत्तर घेतले तर पाचव्या हिश्श्यातून तीन जाताना −२ वानरे उरतात, आणि अशी ऋण संख्या लोकांना मान्य होत नाही म्हणून ते उत्तर सोडून द्यावे, असे आचार्य सांगतात. समीकरणाने दिलेले प्रत्येक उत्तर मूळ प्रश्नाकडे परत नेऊन तपासायचे असते, हा धडा आजच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.

आता वेळेचा हिशेब. २०२३ साली लागू झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे ३० तासांचे अध्ययन गृहीत धरलेले आहे, तर वर्गातील अध्यापन साधारणपणे एका श्रेयांकाला १५ तास असते, याचा अर्थ उरलेले १५ तास विद्यार्थ्याने स्वतः घालायचे आहेत. दोन श्रेयांकांच्या पेपरासाठी पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास वर्गाचे आणि दोन तास स्वतःचे, असा हा किमान हिशेब होतो, आणि ज्याचा पाया कच्चा आहे त्याला स्वतःचे तास दुप्पट धरावे लागतील. हे तास रविवारी एकदम काढण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास काढणे कितीतरी फायद्याचे असते, कारण सकाळी शिकलेली रीत त्याच संध्याकाळी वहीत उतरली नाही तर तिसऱ्या दिवशी ती नव्याने शिकावी लागते.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात या हिशेबाला एक मोठा अडथळा येतो, तो रोवणीचा. महाविद्यालयाचे पहिले सत्र सुरू होते नेमके तेव्हाच बांध्यांत चिखलणी होऊन पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून लावण्याची घाई असते, घरात मजूर मिळत नाहीत आणि मुलामुलींना शेतावर जावेच लागते. ‘शिक्षण आधी, शेती नंतर’ असा उपदेश करणे सोपे आहे, पण ज्या घराचे वर्ष त्या तीन आठवड्यांवर चालते त्या घरात तो निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी चुकणारे तास कोणते असतील हे आधीच ओळखून वर्गातील एका मित्राची वही रोज मोबाइलवर छायाचित्राने मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि रात्री त्या वहीतले एकच उदाहरण का होईना, स्वतःच्या हाताने पुन्हा सोडवावे. बीजगणितात पायऱ्या एकमेकांवर उभ्या असल्यामुळे इतिहासातले एखादे प्रकरण वगळून पुढचे वाचता येते तसे येथे जमत नाही. हजेरीची अट ७५ टक्क्यांची असते हे खरे, पण ती अट कागदोपत्री पुरी होण्यापेक्षा साखळी तुटू न देणे अधिक महत्त्वाचे आहे.

अभ्यास म्हणजे नेमके काय करायचे, याविषयी बरेच गैरसमज आहेत. फळ्यावरचे उदाहरण वहीत उतरवणे आणि रात्री ते डोळ्यांखालून घालणे याला बहुतेक जण अभ्यास समजतात, कारण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते. पटणे आणि करता येणे यांतले अंतर परीक्षेतच कळते. सोडवलेल्या उदाहरणांचा उपयोग नाही असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्याच संदर्भात दाखवून दिले की, नवशिक्या विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणे नीट अभ्यासली तर त्याच धर्तीची उदाहरणे ते कमी वेळात आणि कमी चुकांनी सोडवतात. वेगळ्या धर्तीच्या उदाहरणांत मात्र तो लाभ दिसला नाही. यावरून एक व्यवहार्य रीत निघते : एक सोडवलेले उदाहरण प्रत्येक पायरीचे कारण शेजारी लिहीत वाचावे, मग वही मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवावे, जिथे हात थांबेल तिथे खूण करून वही उघडावी, आणि लगेच संख्या बदललेले दुसरे उदाहरण घ्यावे. दोन-तीन प्रकरणे झाली की उदाहरणे मिसळून सोडवायला सुरुवात करावी. रोहरर आणि टेलर या संशोधकांच्या २००७ मधील प्रयोगात मिसळून सराव करणाऱ्यांच्या सरावात चुका अधिक झाल्या, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच पुढे निघाले. पाठ्यपुस्तकात वर्गसमीकरणाच्या उदाहरणसंग्रहात सगळी वर्गसमीकरणेच असतात, त्यामुळे कोणती रीत लावायची हा निर्णय विद्यार्थ्याला करावाच लागत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच निर्णय विचारलेला असतो.

शाब्दिक उदाहरणे पाहून घाबरणाऱ्यांनी ती आपल्या परिसरातून घेऊन पाहावीत. २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्राने साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये आणि ‘अ’ दर्जाच्या धानाची २३२० रुपये ठरवली होती. एखाद्या शेतकऱ्याने दोन्ही मिळून ४० क्विंटल धान खरेदी केंद्रावर दिले आणि त्याला ९२,३२० रुपये मिळाले, तर कोणते धान किती, असा प्रश्न असल्यास साधारण धान क्ष क्विंटल आणि ‘अ’ दर्जाचे य क्विंटल मानून क्ष + य = ४० आणि २३००क्ष + २३२०य = ९२,३२० ही दोन एकसामयिक समीकरणे, म्हणजे एकाच वेळी खरी असणारी समीकरणे, मिळतात. पहिल्याला २३०० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की २०य = ३२० उरते, य = १६ आणि क्ष = २४ येते. गावातला जाणता माणूस हेच तोंडी करतो : सगळे धान साधारण असते तर ९२,००० आले असते, वर ३२० आले, ‘अ’ दर्जाच्या प्रत्येक क्विंटलमागे २० जास्त, म्हणजे १६ क्विंटल. समीकरणांच्या वजाबाकीत जे घडते ते हेच आहे, हे एकदा दिसले की रीत लक्षात ठेवावी लागत नाही. अशा उदाहरणांत ‘क्ष मानू’ एवढेच लिहून थांबू नये, क्ष म्हणजे कशाचे किती आणि कोणत्या एककात, हे पूर्ण वाक्यात लिहावे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तकांचा दुहेरी भार सोसावा लागतो. त्यावर तोडगा असा की, बीजगणिताच्या इंग्रजीत शब्द थोडे असून तेच ते पुन्हा येतात, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर पारिभाषिक शब्दांबरोबर ‘अ‍ॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘अ‍ॅट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी, ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे परस्परांहून भिन्न, ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे दोन्ही बाजूंनी लागू पडणारी अट, असे छोटे शब्दही नोंदवावेत. प्रमेयांच्या प्रश्नांत गुण जातात ते बहुधा या छोट्या शब्दांपायी. व्याख्या आधी मराठीत समजून घ्यावी आणि नंतर ज्या भाषेत पेपर लिहायचा त्या भाषेत लिहून पाहावी.

एकट्याने अभ्यास करण्याची सवय या विषयात घातक ठरते. अमेरिकेतील बर्कली येथे युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कलनाच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा तासन्‌तास एकट्याने बसणारे कष्टाळू विद्यार्थी मागे पडत आणि आपापले सोडवून झाल्यावर एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासणारे पुढे जात, असे त्यांना आढळले. साकोली किंवा तुमसरहून एकाच एसटीने येणारे तीन-चार विद्यार्थी हा असा आयता गट असतो. बसच्या धक्क्यांत गणित सोडवता येत नाही, पण व्याख्या एकमेकांना विचारणे, काल अडलेल्या पायरीवर वाद घालणे सहज होते. गट मात्र चारांहून मोठा नसावा आणि प्रत्येकाने आधी स्वतः प्रयत्न केलेला असावा, नाहीतर एक जण सोडवतो आणि बाकीचे माना डोलावतात. प्राध्यापकांना शंका विचारताना ‘काहीच समजले नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली’ असे विचारले तर उत्तरही नेमके मिळते आणि विचारणाऱ्याचा संकोचही कमी होतो.

मोबाइलने छायाचित्र घेताच उत्तर पायऱ्यांसह दाखवणारी अ‍ॅप्स आता सर्वांकडे आहेत. स्वतःचे उत्तर काढून झाल्यावर पडताळ्यासाठी ती चांगलीच, आधी वापरली तर सरावाचा जीवच जातो. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून आलेल्या ‘ट्रिक’ हा याहून अवघड मामला आहे. पर्यायी प्रश्नांत त्या वेळ वाचवतात, त्यामुळे मुलांना त्यांचा अभिमान वाटतो, परंतु विद्यापीठाच्या पेपरात गुण पायऱ्यांना असल्यामुळे केवळ उत्तर लिहिणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

हिवाळी परीक्षा साधारणपणे धान कापणी, दिवाळी आणि गावोगावच्या मंडई नावाच्या जत्रांच्या दिवसांत येते, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात, आणि त्या दिवसांत नवे काही शिकू असा बेत सहसा तडीस जात नाही. म्हणून अभ्यासक्रम दसऱ्यापर्यंत एकदा पुरा व्हावा आणि नंतर फक्त जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. प्रत्यक्ष पेपरात आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका वाचून ज्या घटकातले जमते तेथून सुरुवात करावी. अडलेले उदाहरण अर्धवट सोडून पुढे जाताना खाली जागा ठेवावी आणि चुकलेली ओळ गिरवून काळी न करता एका आडव्या रेघेने खोडावी, कारण परीक्षकाला खालची पायरी वाचता आली तर त्याचे गुण देता येतात. शेवटची दहा मिनिटे मुळांची किंमत मूळ समीकरणात घालून पाहण्यासाठीच राखावीत.

पेपर निघाला नाही आणि एटीकेटी लागली, तर लगेच तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला असून, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करता येतो. ती हाती आल्यावर गेलेल्या प्रत्येक गुणासमोर चूक चिन्हाची, रीत निवडण्याची, व्याख्येची की वेळेची, हे पेन्सिलीने लिहावे, आणि ज्या प्रकारची नोंद सर्वांत जास्त भरेल त्यावर पहिला महिना घालावा. अर्जाची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, तेव्हा निकालाच्या दिवशीच महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करून ठेवलेली बरी.